फोनवर दाखवायचे कोळी

सध्या आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, बातमी आहे की श्यामकांत तिजाऱ्यानं घरात विषारी कोळी पाळले आणि त्या भयानं त्याची बायको मीरा घर सोडून गेली. पानठेल्यापर्यंत जाता जाता या बातमीला शेपूटही फुटलं आहे. श्यामकांत म्हणे कोळ्यांचं विष काढतो, आणि नागपूरचा कोणी वैद्य येऊन ते घेऊन जातो.

बातमी साफ खोटी. मी तिजाऱ्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की माझी बायको शारदा आमचा गॅस बंद करते, इतकी घरं जवळ. तेव्हा माझं ऐका. विष नाही, वैद्य नाही, आणि मीरावहिनी भिऊन पळाल्या नाहीत. मुलगा पराग आणि सून राधिका दोघंही बंगळुरूला नोकरी करतात. त्यांची पोट्टी अनुश्री लहान, तिला सांभाळायला आजी गेली. जाताना 'सहा महिने' म्हणून गेली होती, आता तिसरं वर्ष लागलं.

कोळी मात्र आहेत. आणि श्यामभैया ते काढत नाहीत, हेही खरं आहे. काहून काढत नाहीत, ते साऱ्या पाऱ्यात मला एकट्याला माहीत आहे, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे साऱ्या पाऱ्याला माहीत आहे.

मीरावहिनी वर्ध्याच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा तिजाऱ्यांकडे मोठ्यांचा धाक असा, की सुनेनं सासऱ्याच्या कानावर पडेल अशी नवऱ्याला हाक मारायची नाही. चहा झाला की स्वयंपाकघरातून बांगड्या वाजवायच्या. पाहुणे आले की दाराची कडी. नवऱ्याला समजलं तर समजलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे ओट्यावर पडून असायचो, त्यामुळे बांगड्यांचा कोणता आवाज चहाचा आणि कोणता रागाचा हे श्यामभैयांच्या आधी मी ओळखायचो.

तर पहिल्याच पावसाळ्यात वहिनी न्हाणीघरात गेल्या आणि आतून आवाज आला, "अहो! अहो, धावा! आला!"

बैठकीत सासरे बसलेले, जवळ दोन पाहुणे. श्यामभैया जेवत होते. पाण्याचा पेला हातात होता, तो तसाच घेऊन धावले. न्हाणीच्या भिंतीवर तळहाताएवढा करडा कोळी, पाय पसरून बसलेला. श्यामभैयांनी पाणी ओतून दिलं, पेला कोळ्यावर पालथा घातला, खुंटीला अडकवलेली कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका खालून सरकवली आणि तो सारा ऐवज मागच्या भिंतीवरून आमच्या अंगणात रिकामा केला. सासरे खाकरले, पण बोलले नाहीत. कोळ्याला पाहून सून ओरडली, त्यात तिला काय म्हणणार? अशी त्या घरात कोळ्यापुरती सूट मिळाली.

मग काय विचारता. वहिनींना कोळीच कोळी दिसू लागले. फळीवरचा डबा हाताला येत नसला की "अहो, आला!" सासूबाई माहेरच्या आठवणी सांगत बसल्या आणि सुटका नसली की "अहो, आला!" श्यामभैया बैठकीतून, अंगणातून, अर्ध्या दाढीतून धावत यायचे. शारदा म्हणते, त्यातले निम्मे कोळी नव्हतेच. मला विचाराल तर निम्म्याहून जास्ती नव्हते. पण श्यामभैया दर वेळी पेला घेऊनच गेले. पुढं मोठी माणसं गेली, धाक गेला, वहिनी नवऱ्याला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं रागवू लागल्या, तरी ती एक हाक वेगळीच राहिली. आणि आमच्या घरात आज जे कोळ्यांचं गोकुळ नांदते, ती तिजाऱ्यांची देणगी आहे.

कोळी म्हणजे काही नवलाचे नाहीत. रायपुरात कोणाच्याही घरी सापडतील तेच. इकडं छत्तीसगढीत मेकरा म्हणतात. न्हाणीतला तो मोठा, जाळं न करता भिंतीवर पळणारा, त्याला मी पहिलवान म्हणतो. त्याची मादी पोटाखाली पांढरी चकती घेऊन हिंडते, अंड्यांची, पापडासारखी. छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या पायांचे असतात, झाडू लागला की अंगात देवी आल्यासारखे गदगदा हलतात. खिडकीत तो बुटका, उड्या मारून माश्या धरणारा. तो एकटाच असा की तुम्ही त्याला पाहिलं तर अख्खा वळून तुम्हाला पाहते, तहसीलदारासारखा. श्यामभैया सिंचन विभागात नकाशे काढायचे, जन्म नहरी आणि बंधारे रेघांनी दाखवण्यात गेला. त्यांना कोळ्याच्या जाळ्याचं काही कौतुक असेल असं वाटलं होतं मला. तसं काही नव्हतं. तोवर कोळी त्यांच्या लेखी वहिनींनी सांगितलेलं काम होतं.

वहिनी गेल्यावर एकदा तेही बंगळुरूला जाऊन राहिले. चौदाव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. श्यामभैयांची झोपायची जागा बैठकीतल्या सोफ्यावर, आणि राधिकाची ऑफिसची मिटिंगही तिथंच, लॅपटॉपवर. दिवसा पोट्टी झोपली की साऱ्यांनी कुजबुजायचं. श्यामभैयांना खोकल्याची सवय. पराग चांगला पोरगा आहे, काही बोलला नाही, फक्त दर खोकल्याला दाराकडं पाहायचा. महिना पुरा करायच्या आधी श्यामभैया परत आले. मी विचारलं, "काहून, पटलं नाही?" म्हणाले, "पाणी मानवलं नाही." बंगळुरूच्या पाण्यावर इतका खोटा आळ कोणी घेतला नसेल.

मग राहिला फोन. रोज संध्याकाळी दिवे लागले की वहिनींचा व्हिडिओ कॉल. श्यामभैया फोन कानाला लावायचे, त्यामुळे वहिनींना इकडून नुसता कान दिसायचा. बोलणं असं:

"जेवलात?"

"हव."

"गोळी घेतली?"

"हव."

"ठेवते मग. पोट्टी उठली."

आणि श्यामभैया फोन बंद झाल्यावरही हातात धरून बसायचे. मी ओट्यावरून पाहायचो. मी म्हणायचो, "श्यामभैया, अजून काही बोलत जा न. हवापाणी विचारा." ते म्हणायचे, "बोलायले काय आहे? सारं ठीक आहे." हेच तर त्या माणसाचं दुखणं. सारं ठीक आहे म्हटल्यावर समोरचा फोन ठेवणारच. आणि या माणसानं जन्मात बायकोला 'ये', 'राहा', 'बस' असं काही म्हटलेलं नाही. म्हणायची पाळीच आली नाही, ती हाक मारायची, हे जायचे.

एका संध्याकाळी असाच कॉल झाला, श्यामभैयांनी फोन ठेवायला कानावरून समोर घेतला आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरून पहिलवान निघाला. फोनमधून जी किंकाळी आली ती मी माझ्या घरात ऐकली.

"अहो! मागं! तुमच्या मागं! आला!"

श्यामभैया उठले. फोन टेबलावर उभा ठेवायला लावला वहिनींनी. "पेला घ्या. तो नाही, मोठा घ्या. पत्रिका कुठं आहे? चष्मा लावा आधी, आंधळ्यासारखे काय चाचपडून राहिले! हळू! पाय तुटेल त्याचा!" पार मागच्या भिंतीपर्यंत फोन सोबत न्यावा लागला. वहिनींनी तेवढ्यात न्हाणीचा ओघळ पाहिला, दोरीवर सुकून कडक झालेला टॉवेल पाहिला, तुळशीला पाणी नाही हे पाहिलं, आणि एकेका गोष्टीवर पोटभर रागावल्या.

दुसऱ्या दिवशी श्यामभैया मला म्हणाले, "बाबाराव, काल कान दणाणला न." आणि तोंड असं, जशी लॉटरी लागली.

तिथून झाडू बंद झाला. कोपऱ्यातली जळमटं वाढू लागली, खिडकीतला तहसीलदार कायम झाला. रोज संध्याकाळी एक कोळी दाखवायचा, रोज वहिनींनी ओरडायचं, रोज पेला. थोड्या दिवसांनी पोट्टीही त्या खेळात आली. तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीत. "आजोबा, आज कौनसा है?" श्यामभैया म्हणायचे, "आज नाचणारा आहे बेटा, हा पाहा." आणि झाडूची काडी लावून त्या काडीपायाला हलवून दाखवायचे. मागून वहिनी, "अहो, दूर! दूर धरा न ते!" कॉल आता कुकर होऊन भात निवेपर्यंत चालायचा.

यंदाच्या पावसात मागच्या अंगणात जास्वंदीवर एक कोळीण आली. पिवळे-काळे पट्टे, आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखी बसलेली, आणि पायांच्या टोकापासून पुढं जाळ्यात पांढरी नागमोडी शिवण. जाळ्याच्या कडेला तिचा नर, इवलासा. तो जवळ जात नाही. लांब बसून तार हलवते, मग थांबते, मग पुन्हा हलवते. मी म्हणालो, "श्यामभैया, हा तर तुम्ही!" त्यांनी मला त्या पावसाळ्यातली सर्वात वाईट शिवी दिली आणि संध्याकाळी पोट्टीला दोघंही दाखवले.

मग वहिनींचा निरोप आला, यंदा महालक्ष्म्यांना येते. मागची दोन वर्षं तिजाऱ्यांच्या महालक्ष्म्या शारदानं बसवल्या होत्या, वहिनी फोनवरून पदर सारखा करायला सांगायच्या. यंदा स्वतः. परतीचं तिकीट काढूनच परागनं पाठवलं होतं, तरी श्यामभैया हजामत करून आले, आठ दिवस आधी.

आणि वहिनी यायच्या आदल्या दिवशी श्यामभैया गोलबाजारात महालक्ष्म्यांचं सामान आणायला गेले असताना शारदानं त्यांचं घर उघडलं. महालक्ष्म्या यायच्या घरात जळमट असते का? बांबूला झाडू बांधून तिनं छतापासून न्हाणीपर्यंत सारं उतरवलं. जास्वंदीलाही सोडलं नाही. मी म्हणालो, "अगं, ते राहू दे." म्हणाली, "का? कोळ्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं आहे?"

श्यामभैया पिशव्या घेऊन आले. उंबऱ्यात उभे राहून कोपरे पाहिले, छत पाहिलं, मागं जाऊन जास्वंद पाहिली. शारदाला म्हणाले, "छान केलं हो. थकली असशील." आणि पिशव्या हातातच घेऊन बसून राहिले.

वहिनी आल्या. दोन्ही महालक्ष्म्या उभ्या राहिल्या, सोळा भाज्यांचा स्वयंपाक झाला, पारा जेवून गेला. वहिनींनी घर पाहून शारदाला तोंडभर शाबासकी दिली. पण तीन दिवसांत त्या घरातून हाक अशी आली नाही. श्यामभैया न्हाणीच्या आसपास उगीच घुटमळत होते, फळीवरचे डबे त्यांनी दोनदा वर चढवून ठेवले. वहिनींनी स्टूल घेतलं आणि काढले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचं विमान. माझ्यानं पाहवेना. आमच्या कोठीत सिलेंडरमागं एक पहिलवान राहते, चांगला तालमीतला. विसर्जनाच्याच संध्याकाळी त्याला पेल्यात धरला, मागच्या दारानं तिजाऱ्यांच्या न्हाणीत सोडला आणि पुढून येऊन ओट्यावर श्यामभैयांजवळ बसलो, जसं काही वर्तमानपत्रच वाचायला आलो. वहिनी पाय धुवायला आत गेल्या. मी कान टवकारले.

काही नाही. नळ सुरू झाला, बंद झाला. तरी काही नाही.

मग वहिनी घरातून चालत पुढं आल्या. हातात स्टीलचा पेला, पेल्याच्या तोंडावर कार्ड. माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "बाबारावभाऊ, हा तुमच्याकडला दिसते. घ्या."

मी घेतला. काय करणार.

श्यामभैया म्हणाले, "तू धरला?"

"हव."

"ओरडली नाही?"

"ओरडून कसं चालेल?" वहिनी ओट्यावर टेकल्या. "तिथं बंगळुरूला कपड्याच्या मशीनमागून एक निघाला होता, याच्याएवढा. पोट्टी त्याच्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती. मी भ्याली असती तर ती जन्मभर भ्याली असती. मग तुम्ही रोज दाखवता न, पेला कसा ठेवायचा, कार्ड कसं सरकवायचं, तसंच केलं. झालं. आता काही वाटत नाही."

"अन् फोनवर ओरडतेस ते?"

"ते पोट्टीले हसू येते म्हणून."

वहिनींना वाटलं होतं, नवरा शाबासकी देईल. श्यामभैयांनी दिली. "चांगलं केलं," म्हणाले. नंतर पुष्कळ वेळ ते गल्लीतून जाणाऱ्या स्कूटर पाहत होते. मी पेला घेऊन घरी आलो.

आता भिंत पातळ आहे आणि माझे कान चांगले आहेत, यात माझा काय दोष? त्याच दिवशी जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात वहिनी पितळेची ताटं घासून राहिल्या होत्या, श्यामभैया पाणी घालत होते. बराच वेळ नुसती ताटं वाजली. मग श्यामभैयांचा आवाज.

"मीरा."

"हं."

"राहा न."

ताट थांबलं.

"काय म्हणाले?"

"राहा म्हणालो. इथं."

"अहो, तिकीट काढून दिलं आहे न परागनं." मग थोड्या वेळानं, हळू, "पोट्टी माझ्याशिवाय झोपत नाही."

"मले तरी कुठं येते झोप."

शारदाही माझ्या मागं येऊन उभी होती, मला वाटलं रागावेल, पण तीही भिंतीकडंच पाहत होती.

"मग चला तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"खोकतो न मी."

"खोका. काय करतील? पोट्टी शाळेत जायले लागली की येतेच न मी. तोवर..." पुढचं नळाच्या आवाजात गेलं. वहिनी रडत होत्या की तोंड धूत होत्या, ते भिंतीतून कळत नाही.

सकाळी माना विमानतळाची टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आली. आत येत नाही, दोन स्कूटर उभ्या असल्या की आमची गल्ली संपते. श्यामभैया सामान घेऊन पुढं, वहिनी मागं. बसताना वहिनींनी साऱ्या पाऱ्यासमोर त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटन लावून दिलं. टॅक्सी वळेपर्यंत श्यामभैया उभे होते, वळल्यावरही होते.

त्याला आता काही दिवस झाले. तिजाऱ्यांच्या कोपऱ्यात पुन्हा जाळी धरली आहेत, खिडकीत कोणी नवा तहसीलदार बदलून आला आहे. शारदा झाडू घेऊन दोनदा गेली, श्यामभैयांनी दोनदा चहा पाजून परत पाठवली. म्हणून तर बातमीला इतकी हवा मिळाली.

काल संध्याकाळी मी ओट्यावर गेलो. बोलल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणालो, "श्यामभैया, ऐका. वहिनींचं भय गेलं, आता कोळी ठेवून काय फायदा? इतकी वर्षं दम धरला, शेवटी तोंड उघडून 'राहा' म्हणाले, तरी त्या गेल्याच. मग काय मिळवलं तुम्ही?"

श्यामभैयांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि माझ्याकडं पाहिलं.

"ती नाही राहिली. पण मी म्हणालो तर सही. तू साऱ्या पाऱ्याशी इतकं बोलतोस, बाबाराव, आज शारदाशी काय बोललास?"